धनी गेला, सातबारा तसाच राहिला
कोरोनातील एकल महिला, त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले कार्यकर्ते आणि ग्रामसभेपुढचे काम

कोरोना गेला, असे आपण सारे म्हणतो. बाजार भरतात, जत्रा भरतात, लग्नांत पंगती उठतात. तोंडावरचा मास्क केव्हाच कोनाड्यात गेला. पण वाचकहो, तुमच्या गावात जरा एक चक्कर मारून या. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात ज्या घरचा कर्ता माणूस गेला, त्या घराचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे, एवढेच विचारा. काही घरी उत्तर मिळेल, 'वारस लागले.' काही घरी मात्र अजूनही मयताचेच नाव आहे. सोसायटीचे कर्ज त्याच्याच नावावर, विहिरीवरच्या मोटारीचे वीजबिल त्याच्याच नावावर आणि राबणारी बाई कोणत्याच कागदावर नाही.

हा लेख त्या बाईबद्दल आहे. तिच्यासाठी सरकारने काय केले, गावातल्या-तालुक्यातल्या साध्या कार्यकर्त्यांनी काय केले आणि आपण गाव म्हणून काय केले नाही, याचा हा हिशेब आहे. शेतकरी बंधू-भगिनींनी तो वाचावाच, पण सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनीही सवडीने वाचावा. (२०२४ पासून ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गाव अजून जुन्याच नावाने ओळखते, म्हणून येथे जुनीच नावे वापरली आहेत.)

मरण एक, संकटे चार

महाराष्ट्रात कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी सापडले. पहिल्या लाटेत खेड्यांना वाटले, हा शहराचा आजार आहे. वेशीवर बांबू आडवे टाकले, मुंबई-पुण्याहून आलेल्यांना शाळेत ठेवले आणि गाव निश्चिंत झाले. दुसरी लाट मात्र थेट वस्तीवर, मळ्यात शिरली. सरकारी आकड्यांप्रमाणे राज्यात एकूण सुमारे १ लाख ४८ हजार माणसे गेली. त्यांत पुरुषांचे प्रमाण बायकांपेक्षा जास्त होते. त्याचा सरळ अर्थ असा की आजार ओसरला तेव्हा मागे हजारो तरुण विधवा आणि त्यांची शाळकरी पोरे राहिली.

असे एक घर डोळ्यापुढे आणा. तीन एकर रान, त्यातले एक एकर बागाईत. नवरा चाळिशीचा. ताप आला, गावच्या डॉक्टरने दोन दिवस गोळ्या दिल्या, मग तालुक्याला छातीचा स्कॅन, मग जिल्ह्याच्या गावी बेडसाठी धावपळ. दवाखान्याने अनामत मागितली. दागिने गेले, बैलजोडी गेली, पाहुण्यांकडून उसने आणले, सावकाराकडे कोरा कागद दिला. बारा दिवसांनी माणूस गेला तो गेलाच, प्रेतही घरी आले नाही.

त्या बाईवर एकाच वेळी चार संकटे कोसळली. पहिले, घरची कमाई थांबली. दुसरे, दवाखान्याचे कर्ज अंगावर पडले. तिसरे, सगळे व्यवहार नवऱ्याच्या नावे असल्याने बँक, सोसायटी, कचेरी यांच्या दृष्टीने ती कोणीच नव्हती. आणि चौथे, जे बोलायला अवघड, ते म्हणजे घरच्यांची नजर. काल जी घरची लक्ष्मी होती ती आज हिस्सेदार झाली. 'पोरांना घेऊन माहेरी जा' असे कुठे उघड सांगितले गेले, कुठे न सांगता समजावले गेले.

पैसा होता, पण वाट नव्हती

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. हिशेब नीट मांडू या.

सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निकाल दिला की कोरोनाने मरण पावलेल्यांच्या वारसांना सानुग्रह मदत ठरवणे सरकारला बंधनकारक आहे. त्यानुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबरमध्ये ५० हजार रुपयांची रक्कम ठरवली, ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्याचा आदेश निघाला. आई-बाप दोन्ही गेलेल्या मुलांसाठी राज्याने ५ लाखांची मुदत ठेव आणि केंद्राने वयाच्या २३ व्या वर्षी १० लाख मिळतील अशी योजना केली. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना पूर्वीपासून होतीच. तिचे महिन्याचे ११०० रुपये २०२३ मध्ये २२५० झाले. संजय गांधी निराधार योजनेचे १००० रुपयेही त्याच वर्षी १५०० झाले. दारिद्र्यरेषेखालील घराचा कर्ता गेला तर २० हजार देणारी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना होती. दवाखान्यांच्या लुटीला लगाम म्हणून राज्याने मे २०२० मध्येच खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले होते. साध्या वॉर्डाला दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागाला साडेसात हजार आणि व्हेंटिलेटरसह ९ हजार, असे ते दर होते.

कागदावर हे सारे होते. आता त्या तीन एकरवाल्या बाईच्या जागी स्वतःला उभे करा आणि हे पैसे आणून दाखवा.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. मृत्यूची नोंद माणूस जिथे मरतो तिथे होते, जिथे राहतो तिथे नाही. नवरा जिल्ह्याच्या गावी गेला, म्हणजे दाखला नगरपालिकेत किंवा महापालिकेत. गावच्या ग्रामसेवकाकडे चार हेलपाटे घातल्यावर हे कळायचे. दाखला मिळाला तरी त्यावर मरणाचे कारण लिहिलेले नसते. ते डॉक्टरच्या वेगळ्या प्रमाणपत्रात असते. मग कोरोनाची तपासणी दाखवा. खेड्यात कित्येकांची नाकातली तपासणी झालीच नव्हती, नुसता छातीचा स्कॅन झाला होता. नियम तसा उदार होता. तपासणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला तर तो घरी झाला तरी कोरोनाचा धरायचा. दवाखान्यात डॉक्टरांनी लक्षणांवरून व तपासण्यांवरून निदान केले असेल तर तेही चालायचे. अर्ज फेटाळला तर जिल्हास्तरावर तक्रार निवारण समिती होती. पण हे त्या बाईला सांगणार कोण? अर्ज तर संगणकावर करायचा होता.

म्हणून म्हणतो, पैसा होता, पण त्या पैशापर्यंत जाणारी वाट नव्हती. ती वाट पाडायचे काम कोणी केले?

वाट पाडणारी माणसे

दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या मध्यावर, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोल्याचे शिक्षक आणि कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने 'कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती' उभी राहिली. समिती म्हटल्यावर मोठे कार्यालय, जीपगाडी, परदेशी देणगी असे काही डोळ्यापुढे आणू नका. जिल्ह्याजिल्ह्यांत आधीपासून काम करणाऱ्या लहान-लहान संस्था, निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या ताई, कुठे एखादा वकील, कुठे पत्रकार, अशा माणसांची ही साखळी.

या मंडळींनी प्रथम एक शब्द बदलला. 'विधवा' न म्हणता 'एकल महिला' म्हणायचे ठरवले. तुम्ही म्हणाल, शब्दाने काय पोट भरते? भरत नाही. पण 'विधवा' शब्दात नवरा नसणे एवढेच येते, आणि 'एकल' म्हटले की एकटीने घर ओढणारी बाई डोळ्यापुढे येते. नवऱ्याने टाकलेली, घटस्फोट झालेली, लग्न न झालेली प्रौढ बाई, शेतकरी आत्महत्येच्या घरातली बाई, साऱ्या त्यात बसतात. कचेरीच्या दारात एकटी बाई गेली तर तिला 'उद्या या' सांगणे सोपे असते. तीस जणी एकत्र गेल्या की साहेबांना खुर्चीतून उठावे लागते.

दुसरे काम यादीचे. तुमच्या तालुक्यात कोरोनाने किती बाया एकल झाल्या, हे सुरुवातीला कोणालाच धड सांगता येत नव्हते. आरोग्य खात्याकडे मयतांची यादी होती, पण मयताच्या मागे बायको आहे की नाही, पोरे किती, जमीन किती, याची नोंद नव्हती. कार्यकर्त्यांनी गावे फिरून ही माहिती जमवली. ज्यांनी सर्व्हेचे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे, हे किती किचकट काम असते. दुखवट्यातल्या घरात कागद-पेन घेऊन जायचे म्हणजे काळीज घट्ट करावे लागते.

तिसरे काम सरकारदरबारी. समितीने आणि तिच्याबरोबरच्या संघटनांनी निवेदने दिली, मंत्र्यांना भेटल्या, वर्तमानपत्रांतून प्रश्न लावून धरला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने 'मिशन वात्सल्य' सुरू केले. तालुक्याला तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत पंचायत समिती, आरोग्य, शिक्षण, महिला व बालविकास अशा खात्यांचे अधिकारी एकत्र बसवले. मुद्दा साधा होता. बाईने सात कचेऱ्यांत जाण्याऐवजी सात कचेऱ्यांनी एका टेबलाशी यावे. जिथे तहसीलदारांनी मनावर घेतले आणि बाहेरून कार्यकर्त्यांनी पाठपुरावा केला, तिथे हे टेबल चालले. जिथे दोन्हीपैकी एक बाजू लंगडी पडली, तिथे बैठकीचे इतिवृत्त फायलीला लागले आणि बाई पुन्हा पायरीवर बसली.

चौथे काम दवाखान्यांच्या बिलांचे. बांधून दिलेल्या दरांपेक्षा जास्त घेतलेले पैसे परत मिळावेत, बिलांचे लेखापरीक्षण व्हावे, म्हणून समितीने जन आरोग्य अभियानाबरोबर मोहीम घेतली. ज्यांच्याजवळ पक्की बिले होती त्यांचे अर्ज करता आले. ज्यांनी रोख दिले आणि चिठ्ठीवर आकडा घेऊन आले, त्यांच्या हाती काही नव्हते. यातून धडा एकच. कितीही घाई असो, दवाखान्याचे पक्के, सहीशिक्क्याचे बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि रेशनकार्ड घेऊन जा. महात्मा फुले जन आरोग्य योजना मे २०२० मध्येच सर्व रेशनकार्डधारकांना लागू केली होती, हे त्या काळात किती जणांना माहीत होते?

पासबुकातले ३३० रुपये

कार्यकर्त्यांचा उपयोग कुठे होतो याचे एक लहान उदाहरण सांगतो. बँकेत खाते असलेल्या पुष्कळ जणांच्या खात्यातून दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ३३० रुपये कापले जात. (२०२२ पासून ते ४३६ झाले.) ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. खाते उघडताना शाखेत फॉर्मवर सही घेतलेली असते, माणूस विसरून जातो. पण तो हप्ता कापला असेल तर कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख मिळतात. आजाराने गेला तरी मिळतात. अशा घरी जाऊन नुसते पासबुक चाळून बघणारा कोणी भेटला, तर त्या घराचे दोन लाखांचे कल्याण होते. पासबुक ट्रंकेत तसेच राहिले, तर दावा करायचाच राहून जातो.

दुसरीकडे गैरसमजही पुष्कळ. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची योजना आजाराच्या मृत्यूला लागू होत नाही. कित्येक घरांनी तिच्यासाठी कागद जमवण्यात महिने घालवले. कोणत्या दारात जायचे नाही, हे सांगणेही तितकेच महत्त्वाचे.

खरी गाठ सातबाऱ्याशी

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. ५० हजार आले आणि संपले. दवाखान्याचे कर्जही त्यात फिटले नाही. घर उभे राहायचे ते जमिनीवर. आणि जमिनीवर बाईचे नाव नसेल तर पीककर्ज नाही, पीकविमा नाही, अतिवृष्टीची भरपाई नाही, प्रधानमंत्री किसानचे वर्षाचे ६ हजार आणि राज्याचे नमो सन्मानचे ६ हजार नाहीत. आता तर शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्यावर नाव असल्याशिवाय निघत नाही. म्हणजे राबते ती, पण सरकारच्या लेखी शेतकरी नाही.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या वाट्याच्या जमिनीत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा हिस्सा असतो. फक्त मुलग्यांची नावे लावून बायकोला 'इतर हक्कात' टाकायचे, ही पद्धत कायद्याला धरून नाही. पोरे लहान असतील तर त्यांची नावे 'अ. पा. क. आई' म्हणजे अज्ञान पालन कर्ती म्हणून आईसह लागतात. लहान मुलांच्या वाट्याची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलाही विकता येत नाही, चुलत्याला तर नाहीच. बाईने पुन्हा लग्न केले म्हणून नवऱ्याकडून वारसाने तिच्या नावावर आलेली जमीन काढून घेता येत नाही. इतर धर्मांच्या कुटुंबांना त्यांचे त्यांचे वारसा नियम आहेत, पण वारसाची वर्दी देण्याचा रस्ता सर्वांना एकच.

जमीन सासऱ्याच्याच नावावर असेल तर काय? हा प्रश्न सर्वांत जास्त घरांत आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर मयत मुलाचा जो हिस्सा, तो त्याच्या वारसांकडे येतो. जमीन सासऱ्याने स्वतः कमावलेली असेल आणि तो मृत्युपत्र न करता गेला, तर आधी वारलेल्या मुलाची बायको आणि मुले ही वारस असतात. सासरा हयात असताना, वडिलोपार्जित एकत्र जमिनीतून सुनेला पोटगी मागता येते. यात बारकावे आहेत, म्हणून वकिलाचा सल्ला घ्या. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि महिलांना तिथे फुकट वकील मिळतो. पैसे नाहीत म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठा धोका हक्कसोडपत्राचा. 'वहिनी, सही करा, कर्जासाठी लागते', असे म्हणून बाईला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते. काय लिहिले आहे हे वाचून घेतल्याशिवाय, बाहेरच्या एका माणसाला दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. एकदा नोंदलेले हक्कसोडपत्र मोडायला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि दाव्यात वर्षे जातात.

कर्जाचीही अशीच गोष्ट. नवऱ्याचे कर्ज वारसाने फेडायचे ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरते. बाई स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर तिच्या मजुरीवर, तिच्या स्वतःच्या कमाईवर कोणी हक्क सांगू शकत नाही. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

जमिनीवर बाईचे नाव ही मागणी काही कोरोनाने जन्माला घातलेली नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा केला, त्याला आता तीन दशके उलटली. १९९२ मध्ये सरकारनेही त्या नावाने आदेश काढला. त्या वेळी ज्या घरांनी हे केले, त्या घरातल्या बाईला पुढे नवऱ्याच्या मागे कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत. जे हसले, त्यांच्या लेकी-सुना आज तहसीलच्या पायरीवर आहेत.

संस्थेच्या मर्यादा

स्तुती पुरे, दुसरी बाजूही बघितली पाहिजे. अशा समित्यांची ताकद त्यांच्या कार्यकर्त्यांत असते आणि कमजोरीही तिथेच. ज्या तालुक्यात दोन धडपडी माणसे आहेत तिथे कामे होतात. शेजारच्या तालुक्यात तशी माणसे नाहीत, तर तिथल्या बाईला तोच कायदा, तेच सरकार असूनही काही मिळत नाही. हक्काची वस्तू कार्यकर्ता भेटण्यावर अवलंबून राहावी, हे बरोबर नाही. शिवाय कार्यकर्त्याला पगार नाही, प्रवासखर्च पदरचा. पहिल्या वर्षी वर्तमानपत्रे लिहितात, देणगीदार शिवणयंत्रे देतात, सत्कार होतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सारे पांगतात. बाईचा प्रश्न मात्र पोरगी लग्नाला येईपर्यंत आणि पोरगा कमावता होईपर्यंत चालतो.

शिवणयंत्रावरही एक शब्द. एकल महिला म्हटली की तिला शिवणयंत्र द्यायचे, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. तीन हजार वस्तीच्या गावात किती ब्लाउज शिवायचे? जिच्याजवळ दोन एकर रान आहे तिला शेतीसाठी भांडवल, वेळेवर ट्रॅक्टर, बियाणे-खताची उधारी आणि मालाला भाव हवा. कार्यकर्त्यांतल्या जाणत्यांना हे कळते. देणगीदारांना अजून कळायचे आहे.

सरकारची सवयही सुटलेली नाही. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचे किंवा बापाचे आधार मागितले गेले. ज्यांचे दोन्ही वारले आहेत त्यांनी काय करायचे, हे ठरवायला नंतर वेगळी सवलत काढावी लागली. चार वर्षांपूर्वी लाखभर घरांनी जे भोगले, ते फॉर्म तयार करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते. (हेही ध्यानात ठेवा की निराधारचे १५०० घेणाऱ्या बाईला लाडकी बहीणचे वेगळे १५०० मिळत नाहीत.)

गावाच्या हातात काय आहे

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तसे करावे असे सांगितले. कोरोनाने एवढ्या तरुण बाया एकल केल्या नसत्या तर हा ठराव झाला असता का, सांगता येत नाही. पण एका गावाने केले, म्हणजे होऊ शकते.

पुढचे पाऊल म्हणजे कागदाचे. २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी करायला सुरुवात केली. मोहिमा येतात आणि जातात. गावाने स्वतः काही नेम धरला तर ते टिकते. म्हणून सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांना पाच गोष्टी सुचवतो.

एक, ग्रामपंचायतीत एकल महिलांची वही ठेवा. नाव, वय, मुले, रेशनकार्ड, जमीन, कोणती योजना चालू, कोणती बाकी, एवढीच माहिती. अंगणवाडी सेविका आणि आशाताई ती एका आठवड्यात भरून देतील.

दोन, ग्रामसेवकाने मृत्यूची नोंद केली की त्याच दिवशी तलाठ्याला कळवावे. कायद्याने वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती बाईने येऊन द्यावी याची वाट बघू नका. गावाबाहेर मृत्यू झाला असेल तर दाखला कोठे मिळेल हे घरच्यांना सांगा.

तीन, वारस नोंदीची नोटीस चावडीवर लागली की ती वाचून दाखवा. बायको, मुलगी किंवा आईचे नाव सुटले असेल तर हरकत घ्यायची वेळ तीच असते. फेरफार मंजूर झाल्यावर अपील करत बसावे लागते.

चार, बालसंगोपन आणि निराधार योजनेचे अर्ज आजही करता येतात. कोरोनाच्या ५० हजारांची मुदत संपली, पण या दोन योजना कोरोनापुरत्या नव्हत्या. कोणत्याही कारणाने बाप गेलेले पोर त्यात बसू शकते. निराधारसाठी वर्षाला २१ हजारांच्या उत्पन्नाची अट आहे. ही अट आजच्या महागाईत हास्यास्पद आहे, आणि ती वाढवण्याचा ठराव ग्रामसभेने जरूर करावा.

पाच, एकल महिलेच्या शेताला पाळी, पेरणी, मळणी वेळेवर मिळेल हे गावाने बघावे. ट्रॅक्टरवाला तिचा नंबर शेवटी लावतो आणि पाण्याची पाळी रात्रीची देतो, हे सगळ्यांना माहीत आहे. हे सरकार येऊन सुधारणार नाही.

आणि पुरुष वाचकांना एक सांगणे. या रविवारी आपले पासबुक, विम्याचे कागद, सातबारा, सोसायटीचे खाते एका पिशवीत घालून घरच्या लक्ष्मीला दाखवा. कुठे किती देणे, कुठे किती येणे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे तिला माहीत असू द्या. असे केल्याने मरण ओढवते, हा खुळा समज आहे. २०२१ मध्ये ज्यांनी हे केले नव्हते तेही गेले, आणि त्यांच्या मागे घरात कागद शोधत बसण्याची वेळ आली.

साथीचे रोग पुन्हा येणारच नाहीत, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्लेगची आठवण सांगणारी म्हातारी माणसे आपण पाहिली आहेत. पुढच्या वेळी औषध आणि लस लवकर येईलही. पण घरचा धनी गेल्यावर बाईने कोणत्या दारात जायचे, हे ठरवायला पुन्हा कोणा शिक्षकाने रजा टाकून गावे फिरावीत का? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, वर्षातून चार वेळा ग्रामसभा भरते. त्यातल्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर 'एकल महिलांच्या वारस नोंदी' हा एक विषय घ्या. वही उघडा आणि नावे वाचा. ज्यांची नोंद राहिली आहे त्यांना त्या दिवशी सभेला मुद्दाम बोलवा, आणि पुढे बसवा.